टोनीची बोटं आणि भांड्यांचा साबण

अहो, ऐकलंत का? घाला, घाला, कपडे वाळत घाला, मी इथूनच बोलते. पण जरा अशा कुंपणापाशी सरकून या. मोठ्यानं बोलायची सोय नाही. वर आमचे चिरंजीव आहेत आणि त्यांच्या त्या ब्लॅक सॅबथ बँडबद्दल घरात ब्र काढलेला चालत नाही.

तर ती फेंडर गिटार म्हणे ऐन वेळी बंद पडली होती! अहो, त्यांच्या त्या पहिल्या अल्बमच्या वेळी. 'ब्लॅक सॅबथ'. बँडचं नाव तेच, अल्बमचं तेच, पहिल्या गाण्याचंही तेच. एकदाच बारसं करून मोकळे झाले. आता त्या गिटारच्या आवाजावर लोक तासन्‌तास वाद घालतात, कुठली गिटार, कुठला ॲम्प, कितवं बटण कितीवर. आणि खुद्द गिटारवाल्यानं ती गिटार निवडलीच नव्हती, बोला! टोनी आयोमी गेला होता पांढरी फेंडर स्ट्रॅटोकास्टर घेऊन. जीव होता त्याचा तिच्यावर. १९६९ चा ऑक्टोबर, लंडनचा रीजंट साउंड स्टुडिओ, आणि अख्खा अल्बम वाजवायला हातात एक दिवस. 'विकेड वर्ल्ड' वाजवून झालं आणि स्ट्रॅटचा पिकअप गेला. पिकअप म्हणजे तारांच्या खाली ते चुंबक असतं ना, भोवती तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी... ते गेलं की इलेक्ट्रिक गिटारचं नुसतं लाकूड उरतं. काय चेहरा झाला असेल पोराचा! रॉजर बेन समोर बसलेला, प्रोड्यूसर म्हणून त्याचीही जेमतेम सुरुवात, आणि घड्याळ पुढं पळतंय.

मग काढली पिशवीतली दुसरी. गिब्सन एसजी. नुसती स्पेअर म्हणून बरोबर घेतलेली, एरवी तिला फारसा हात लागत नसे. बाकीचा अल्बम त्या एसजीवर झाला आणि टोनी त्यानंतर जन्मभर एसजीवालाच राहिला. त्या फेंडरचं पुढं नाव नाही.

त्या एसजीची तर आणखी गंमत. टोनी डावरा. डावऱ्यांची गिटार तेव्हा सहज मिळायची नाही, म्हणून उजव्या हाताची एसजी उलटी धरून वाजवत होता. आणि दुसरा एक भेटला, तो उजव्या हाताचा, पण त्याच्याकडे डावऱ्यांची एसजी, आणि तोही बापडा उलटी धरूनच वाजवतोय! झाली अदलाबदल. दोघांनाही आपणच फायद्यात राहिलो असं वाटलं असणार. पुढं तिच्यावर एका माकडाचं स्टिकर चिकटवलं, म्हणून तिला जगभर 'मंकी' म्हणतात. पन्नास वर्षांनी खुद्द गिब्सननं तिची हुबेहूब प्रत काढून विकली, चरे आणि स्टिकरसकट. म्हणजे त्यानं वापरून घासली आणि यांनी घासलेलीच नवी करून विकली. घेणारे घेतात.

एसजी म्हटल्यावर लेस पॉलचं काय झालं ते ठाऊकच असेल तुम्हाला. १९६१ मध्ये गिब्सननं जुनी लेस पॉल बंद केली आणि ही शिंगंवाली पातळ गिटार काढली. नाव मात्र लेस पॉलचंच ठेवलं. खुद्द लेस पॉल नावाच्या त्या गिटारवाल्यांना काही तो आकार पसंत पडला नाही. त्यात घरी बायकोशी, मेरी फोर्डशीही बिनसलेलं. शेवटी त्यांचं नाव गिटारवरून उतरवलं आणि एसजी झालं, म्हणजे सॉलिड गिटार. नाव सुचवायला बसले होते की... असो. दुसऱ्याच्या घरचं आपल्याला काय करायचंय.

तर काय सांगत होते? हां, बोटं. बोटांचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यातलं आईचं कुणी बोलत नाही. आयोमींचं बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागात दुकान होतं. मूळ घराणं इटालियन. पोराला हवे होते ड्रम, घरच्यांनी कानांची काळजी करून ॲकॉर्डियनवर भागवलं. मग गिटारचं खूळ डोक्यात शिरलं, तर आईनंच कॅटलॉग बघून डावऱ्यांची वॉटकिन्स रेपियर मागवली आणि हप्ते भरले. हे कुणी म्हणजे कुणी सांगत नाही. सांगतात ते एवढंच, की सतरा वर्षांचा टोनी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, नोकरीचा शेवटचा दिवस होता, बँडबरोबर जर्मनीला निघायचं होतं. दुपारी जेवायला घरी आला आणि म्हणाला, आता काही मी परत जात नाही. आई म्हणाली, असं अर्ध्यावर नाही सोडायचं, दिवस पुरा करून ये.

गेला. खरं काम त्याचं वेल्डिंगचं, पण पत्रा दाबणाऱ्या मशीनवरचा माणूस आला नव्हता म्हणून याला तिथं उभं केलं. मशीन खाली आलं... आणि यानं हात ओढून घेतला. मधल्या आणि अनामिकेच्या बोटांची टोकं गेली. उजव्या हाताची. तुम्ही म्हणाल बरं झालं, उजवाच गेला. अहो, डावऱ्याचा उजवा हातच तर तारा दाबतो!

मला सांगा, तुम्ही-मी असतो तर वेगळं काय म्हणालो असतो? आपणही म्हणतोच ना, घेतलेलं काम पुरं कर म्हणून. त्या बाईला नंतर रात्र रात्र झोप आली असेल का हो? मी चिरंजीवांना हे विचारलं तर म्हणतात, आई, तू रिफबद्दल बोल. काय बोलायचं आता यांच्याशी!

डॉक्टरांनी सांगितलं, गिटार विसरा. तोंड पाडून बसला होता घरी, तर कारखान्याचा मॅनेजर एक रेकॉर्ड घेऊन आला. म्हणाला, ऐक. याला कुठली ऐकायची इच्छा! तरी लावली. वाजवणारा होता जँगो राइनहार्ट, आणि वाजवून झाल्यावर मॅनेजरनं सांगितलं की आगीत या माणसाची दोन बोटं कायमची निकामी झालेली आहेत. झालं, पोरगं उठून बसलं.

आणि मग केलं काय, ऐका. भांडी घासायच्या लिक्विडची रिकामी बाटली घेतली. फेअरी लिक्विड, तिकडं घरोघर तेच. ती वितळवून गोळा केला. सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकानं त्याला भोक पाडून बोट बसेल एवढं आत कोरलं, काचपेपरनं तासन्‌तास घासून टोपी केली. घातली बोटावर. तर गुळगुळीत प्लास्टिक तारेवर थांबेचना, सटकायला लागलं. मग जुन्या लेदर जॅकेटचा तुकडा कापला, टोपीवर चिकटवला, तो घासून घासून असा केला की तार पकडेलही आणि तिच्यावरून सरकेलही. आता हे सगळं करून बोटाला मात्र तार जाणवत नाही. किती दाबली, कुठं दाबली, काही कळायचं नाही. नुसत्या कानावर भिस्त. म्हणून तो जोरात दाबतो, म्हणून दोन-दोन तारांचे ते जाडजूड सूर धरतो. पूर्ण कॉर्डला चारही बोटं नीट लागतात, ती आणायची कुठून? आता लोक त्याला पॉवर कॉर्डचा बादशहा म्हणतात. जमेना म्हणून काढलेली वाट हो ती!

तारांचंही तेच. बाजारातल्या तारा जाड, त्या नुसत्या टोपीखाली वाकेनात. यानं बँजोच्या बारीक तारा आणून लावल्या. कंपन्यांकडे गेला, म्हणाला, बारीक तारा करून द्या. तर प्रत्येक ठिकाणी तोंडावर नकार, असल्या तारा घेणार कोण म्हणून. शेवटी वेल्सच्या पिकाटोवाल्यांनी ऐकलं. आज कुठल्याही दुकानात जा, बारीक तारांचे सेट खिळ्याला लटकलेले असतात. तेव्हाचे नकारवाले कुठं तोंड लपवून बसलेत कुणास ठाऊक.

आणि ॲम्प! चिरंजीव रोज घोकतात, मार्शल, मार्शल. सॅबथच्या त्या अल्बमवर टोनीचा मार्शल नाहीच, लेनी होता. बर्मिंगहॅमचाच पोरगा, लिंडन लेनी, १९६७ मध्ये ॲम्प करायला लागला. तोही आधी बँडमध्ये बास वाजवायचा. गावचा धंदा, नवा धंदा, आणि इकडं टोनीलाही कोण ओळखत होतं? दोघंही नवखे. लेनी सुपरग्रुप, शंभर वॉटचा, मागं काचेचे व्हॉल्व्ह लालभडक तापलेले, खाली बारा-बारा इंची चार-चार स्पीकरची कपाटं. पण तुम्हाला सांगते, नुसता लेनी लावलात तर तो आवाज येत नाही. मधे एक डबी आहे.

रेंजमास्टर! डॅलसवाल्यांचा. पायाखालचा पेडल नाही हं, ॲम्पच्या डोक्यावर ठेवायची करड्या रंगाची पेटी. आत जर्मेनियमचा एकच ट्रान्झिस्टर. खालचे जाड सूर जरा अडवायचे आणि वरचे-मधले फुगवून ॲम्पमध्ये ढकलायचे, एवढंच काम. आता ॲम्पचा पहिला व्हॉल्व्ह आधीच तोंडापर्यंत भरलेला, त्यात हा आणखी कोंबतो, भरल्या एसटीत कंडक्टरनं अजून दहा जण चढवावेत तसा. मग व्हॉल्व्ह घुसमटतो, आवाज चिरकतो, जाडावतो, आणि मिटायचं नाव न घेता लांबत जातो. तोच तो आवाज, बाई! गंमत बघा, नाव ट्रेबल बूस्टर, म्हणजे काम पातळ आवाज वाढवायचं, आणि जगातला सगळ्यात जाड आवाज त्यातून निघाला. टोनीच्या पेटीत कुणीतरी आतून थोडा बदलही करून दिला होता. काय बदल केला ते कागदावर कुणी उतरवून ठेवलं नाही. आणि पुढं... ऐकताय ना? पुढं टोनीचे ॲम्प बघणाऱ्या एका माणसानं ती पेटी फेकून दिली! जुनं भंगार समजून! आमच्याकडे कुणी माळा आवरायला काढला की मी दारात उभी राहते ती उगीच नाही.

आणि एक खोटं पसरलंय ते तुम्ही तरी पुढं सांगू नका. लोक म्हणतात, पहिल्याच अल्बमवर त्यानं तारा सैल सोडून सूर खाली आणला. साफ चूक. पहिला अल्बम साध्या नेहमीच्या ट्यूनिंगचा आहे. तारा खाली उतरवल्या त्या १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'वर, 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह', 'इन्टू द व्हॉइड' वगैरे गाण्यांना, चांगल्या दीड सुरानं. सैल तार म्हणजे बोटांना कमी त्रास, आणि आवाज आणखी गडद. गीझर बटलरनं बासही खाली उतरवला. गीझर मुळात गिटारच वाजवायचा बरं का. एका बँडात एक गिटार पुरे म्हणून बासवर आला. त्याच्या बासचा आवाज फाटतोय म्हणून स्टुडिओवाल्यांची कुरकुर व्हायची, आणि हा आपला शांत, माझा आवाजच असा आहे म्हणून.

बाकी त्या गाणाऱ्या ओझीचं तुम्हाला सांगायलाच नको. तरी सांगते. गावातल्या वाद्यांच्या दुकानात चिठ्ठी लावली होती, ओझी झिगला बँड पाहिजे, स्वतःची स्पीकर सिस्टिम आहे. टोनी आणि ड्रमवाला बिल वॉर्ड पत्ता शोधत दारात. टोनी वाटेत म्हणालाही म्हणे, की आमच्या शाळेत एक ओझी होता, पण तो नसावा, त्याला कुठलं गाता येतंय! दार उघडलं आईनं. तिनं आत हाक मारली, जॉन, तुझ्याकडे कुणी आलंय. आणि आला की तोच! शाळेत ज्याला टोनीनं दम भरला होता तो. टोनीचा चेहरा खर्रकन उतरला, दोन शब्द बोलून उलट पावली परत. गीझरच्या दारी तर ओझी आला होता म्हणे खांद्यावर धुराडं साफ करायचा ब्रश आणि हातात कुत्र्याचा पट्टा, पट्ट्याला बांधलेला बूट. तरी त्यानं घेतलं. आणि पुन्हा टोनीच्याच दारात कोण उभं, तर गीझर आणि ओझी, ड्रमवाला मिळेल का विचारायला! नशिबात असलं की टळत नाही.

मधे टोनी जेथ्रो टलमध्येही जाऊन आला, १९६८ च्या डिसेंबरात. मोठा बँड, पैसा... पण करमेना. परत आला तो एक खोड घेऊन. तिकडं सकाळी नऊच्या ठोक्याला तालीम. मग यांनाही सकाळी उठवायला लागला. ओझीला सकाळी उठवायचं म्हणजे विचार करा.

अरे हो, ते पहिलं गाणं. त्याचा तुकडा मी आपल्या पेटीवर काढून बघितला. गीझर संगीतकार होल्स्टचं 'मार्स' बोटांनी चाचपत होता आणि त्यातून टोनीला हे सुचलं. सा, मग वरचा सा, आणि मग तीव्र मध्यम. बस, तीनच सूर. युरोपात त्या अंतराला शतकानुशतकं सैतानाचा सूर म्हणून नाक मुरडत आले. टोनीला कुठलं माहीत, तो काही शास्त्र शिकला नव्हता. आणि आपल्याकडे बघा, तोच तीव्र मध्यम यमनात घ्या, संध्याकाळचा दिवा लावल्यासारखं वाटतं. फरक कसला? यमनात तो पंचमाकडे जातो, सुटतो. टोनी तिथंच थांबतो. नुसता थांबत नाही, थरथरवत ठेवतो. सुटकाच देत नाही मेला. म्हणून अंगावर काटा. माझ्या पेटीवरही आला, खोटं सांगत नाही. वरून चिरंजीव धावत खाली आले, आई काय वाजवतेस म्हणून. त्या दिवशी प्रथमच पेटीकडे आदरानं बघितलं.

सुरुवातीचा पाऊस आणि घंटा मात्र नंतर चिकटवलीय. या चौघांनी तर दिवसभर एकत्र उभं राहून, कार्यक्रमात वाजवतात तसं वाजवलं आणि निघून गेले. अल्बम आला १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी. तेरा तारखेचा शुक्रवार, बघून-सवरून! कव्हरवर ऑक्सफर्डशायरची ती मेपलडरमची पाणचक्की आणि काळ्या झग्यातली बाई. आत उलटा क्रूस छापलेला. तोही यांना न विचारता. कव्हर उघडल्यावर चौघांची तोंडं बघायला हवी होती. मग ओझीच्या वडिलांनी, ते अवजारं घडवण्याच्या कामात होते, चौघांना सरळ क्रूस करून दिले, गळ्यात घालायला. बाप तो बाप.

टीकाकारांनी धुऊन काढलं. 'रोलिंग स्टोन'मध्ये लेस्टर बँग्ज यांनी लिहिलं, क्रीम बँडसारखंच, पण त्याहून वाईट. आणि लोकांनी काय केलं? ब्रिटनच्या यादीत आठव्या नंबरला नेऊन ठेवला. त्याच वर्षी 'पॅरानॉइड' आला, तो तर पहिल्या नंबरला. त्यातलं शीर्षकगीत जागा भरायला म्हणून घाईघाईत केलेलं बरं का. अल्बमचं नाव 'वॉर पिग्ज' ठेवायचं होतं, ते बदललं, पण कव्हरवरचा तलवारवाला माणूस तसाच राहिला. बघणाऱ्यानं काय समजायचं ते समजावं.

आणि तो टॉम ॲलम, पहिल्या अल्बमवरचा इंजिनिअर... त्यानं पुढं १९८० मध्ये जुडास प्रीस्टचा 'ब्रिटिश स्टील' केला. तेही बर्मिंगहॅमकडचेच. त्यात लोखंडी माणसं चालल्याचा आवाज हवा होता, तर स्वयंपाकघरातला काटे-चमच्यांचा ट्रे आणून खडखडवला, आणि काच फुटल्याचा आवाज हवा तर दुधाच्या बाटल्या फोडल्या. माझी भांडी जरा वाजली तर वरून ओरडतात, आई, आवाज! आणि यांच्या मेटलमध्ये चमचे चालतात.

२०२५ च्या ५ जुलैला व्हिला पार्कवर चौघं पुन्हा एकत्र आले, ॲस्टनमध्येच, घरापासून हाकेच्या अंतरावर. ओझी सिंहासनावर बसून गायला. पुढं अडीच-तीन आठवड्यांत, २२ जुलैला गेला. आमच्याकडे दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. टोनी तेव्हा सत्त्याहत्तरचा, तरी बोटांना टोप्या चढवूनच वाजवत होता.

ओल्या चादरी वाळत घालायच्या राहिल्यात तुमच्या, जाते मी. पण एक करा. मोबाइलवर आधी 'विकेड वर्ल्ड' लावा. ते ब्रिटनच्या अल्बमवर नव्हतं, 'ईव्हिल वुमन'च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं, अमेरिकन अल्बमवर मात्र होतं, त्यामुळे शोधलं की सापडतं. ती फेंडर. आणि लगेच त्याच्या पाठोपाठ 'ब्लॅक सॅबथ' लावा, ती एसजी. गिटार बदललेली कानाला कळते का ते मला उद्या सांगा. चिरंजीव म्हणतात कळते. मला तर पहिल्यांदा ऐकून काडीचा फरक कळला नव्हता, पण हे त्यांच्यापाशी बोलू नका.